ब्रेकमधली हवा

माझे भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं आणि घरी आलं की वीस वर्षं जुन्या गाडीखाली आडवं व्हायचं, हा त्यांचा संसार. गाडी दिसायला साधी, मुलांना शाळेत सोडायला न्यावी अशी, पण इंजिन महातापट. मूर्ती लहान पण खोड महान, असं ताई म्हणायची. वर्षातून तीन-चारदा रेसिंग ट्रॅक हौशी लोकांना खुला करतात, तिथे ते ती पळवायचे. ना बक्षीस, ना नंबर. मला विचाराल तर शुद्ध वेडेपणा.

ताईला जाऊन दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून गाडी ट्रॅकवर गेली नाही. गाडीची दुखणी मात्र भावोजींनी एकट्याने एकेक करून काढली. पाणी गळत होतं ते बंद केलं, मागच्या चाकांची झिजलेली रबरं बदलली, इंजिन झटके देत होतं म्हणून कॉइल बदलल्या. अडलं ते ब्रेकपाशी. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात, एक आत बसून पेडल दाबायला, दुसरं चाकापाशी नट सोडायला. आजवर पेडल ताईच दाबायची.

"मावशी, बाबांना गाडी विकायला लाव. ती गेली की ते माझ्याकडे राहायला येतील," असा भाचीने फोनवरून तगादा लावला होता. मलाही पटत होतं. एकटा माणूस, सकाळी शिजवलेलंच रात्री गरम करून खाणारा. म्हणून शनिवारी सकाळी गेले आणि गॅरेजच्या दारातच सांगून टाकलं, "भावोजी, पुरे झालं. विका आता."

ते सीट आणि पेडलमध्ये काठी अडकवून बघत होते.

"काठीने जमत नाही?" मी विचारलं.

"काठी बोलत नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू बस. उद्या ट्रॅक आहे. आज ब्रेक घट्ट झाले नाहीत तर सोमवारी विकतो. शब्द देतो."

बसले. काम सोपं होतं. ते 'दाब' म्हणाले की दाबायचं आणि 'दाबलं' असं मोठ्याने सांगायचं. मग ते नट सोडणार. परत आवळून 'सोड' म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही. मध्येच उचलला तर हवा पुन्हा आत.

आता लपवून काय करू? तिसऱ्या चाकाला मी मुद्दाम पाय उचलला. भाचीला कबूल केलं होतं, शिवाय त्यांच्याच भल्याचं होतं. अशा वेळी मनाला कारणं काय, पैशाला पासरी मिळतात.

नटाला जोडलेल्या पारदर्शक नळीतले बुडबुडे उलटे गेलेले त्यांना दिसले असणार.

"पाय घसरला," मी म्हणाले.

"असू दे. तुझी ताईपण मुद्दाम उचलायची."

माझे कान तापले.

"पहिलं वर्षभर. तिलाही गाडी नको होती. तिला वाटायचं, मला कळत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"कशाला? परत दाब म्हणायचो. शनिवार लांबायचा."

ते चाकामागे होते, मला नुसता आवाज येत होता. त्यात तक्रार नव्हती, म्हणूनच जास्त लागलं. दोन वर्षं मी फोनवर 'एकटे पडलेत हो, एकटे पडलेत' म्हणत हळहळत होते, आणि इथे तासभर येऊन बसायला मला सवड नव्हती. माझीच मला चीड आली.

तिसरं चाक नीट केलं. पेडल पायाखाली घट्ट लागायला लागलं. गाडी काही विकली जात नाही, हे मला तिथेच कळलं, आणि भाचीला तसं सांगायचंही मी ठरवून टाकलं.

"शेवटचं चाक," ते म्हणाले. अकराही वाजले नव्हते. हे झालं की मी माझ्या घरी जाणार. ते हात धुणार, उद्या हेल्मेट घेऊन एकटेच जाणार आणि एकटेच परत येणार.

"दाब."

"दाबलं."

नट सुटला. मी पाय उचलला.

चाकामागे त्यांनी नट पुन्हा आवळला. मग ते म्हणाले, "परत."