मोटारीची खांदमळण

आमच्या सासऱ्यांची मोटार रात्री कडुनिंबाला साखळीने बांधलेली असे.

यात गावात कुणाला काही वावगं वाटत नसे. रिसोडपासून कोसभर आतलं ते गाव. तिथे रात्री सगळ्यांचीच जनावरं बांधलेली. फरक एवढाच, की बाकीची जनावरं सकाळी हंबरून सोडायची आठवण करून देत, मोटार देत नसे! एकदा मामाजी (म्हणजे सासरेच, आमच्याकडे जावई सासऱ्यांना मामाजी म्हणतो) वाशीमला कोर्टाच्या तारखेला निघाले. गडबडीत साखळी सोडायची राहिली. मोटार गेली पुढे आणि मागचा बंपर राहिला कडुनिंबापाशी. संध्याकाळी परत आल्यावर झाडाला बांधलेला बंपर त्यांनी शांतपणे न्याहाळला आणि म्हणाले, "पाहा बापू, साखळी मजबूत हाये."

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. पंचक्रोशीत मोटार तेवढी एकच. अकोल्याकडे मोटारी पळवणारी टोळी आली आहे, असं कुणीतरी मामाजींच्या कानात घातलं आणि त्यांची झोप उडाली.

मी तेव्हा नवा जावई. मंगरूळला एका अडतीत पोती मोजायचो, पण अंतःकरणाने इंजिनियर होतो! टपालाने रेडिओचा कोर्स केला होता आणि स्वतःच्या हाताने एक रेडिओही बनवला होता. (तो सुरू व्हायचा. स्टेशन तेवढं लागायचं नाही.) मामाजींचा रिसोडला एसटी स्टँडाजवळ एक गाळा रिकामा पडून होता. त्या गाळ्यात रेडिओचं दुकान टाकायचं आणि पोत्यांना कायमचा रामराम ठोकायचा, एवढं एकच स्वप्न मी उराशी धरून होतो. चोरांच्या टोळीचं ऐकलं आणि मला वाटलं, देव पावला!

"मामाजी, साखळी कायले पाह्यजे? मी मोटारीले असा भोंगा लावून देतो, चोरानं दार उघडलं का अख्खं गाव जागं!"

"गाव जागं होऊन काय करंन? चोराले च्या पाजंन?"

"अजी, चोर पळंन ना घाबरून!"

मामाजींनी तंबाखू मळली, चुना झटकला आणि निकाल दिला. "बरं. तुमच्या या यंत्रानं माही मोटार चोराच्या हातून वाचली, त रिसोडचा गाळा तुमचा. नाई वाचली, त जलमभर रेडिओचं नाव काढाचं नाई. हाये कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. (बायकोने, म्हणजे कुसुमने, आतून डोक्याला हात लावल्याचा आवाज मला ओसरीवर ऐकू आला.)

अकोल्याच्या भंगारातून मी एका ट्रकचा भोंगा आणला आणि कामाला लागलो. दाराच्या चौकटीत टॉर्चमधल्या दोन पितळी पट्ट्या बसवल्या. दार लावलेलं असलं की दोघी फटकून राहणार. उघडलं की एकमेकींच्या गळ्यात पडणार. त्या भेटल्या की मोटारीच्या टपातला दिवा लागणार, आणि त्याच करंटवर एक छोटा रिले जागा होणार. रिले म्हणजे लोहचुंबक लावलेलं बटन. चिमूटभर करंटने तो उठतो आणि भोंग्याचा दांडगा करंट सोडून देतो. माझी करामत पुढेच होती! एकदा उठलेला रिले स्वतःला धरून ठेवत असे. चोराने घाबरून दार परत लावलं तरी भोंगा थांबणार नाही. (हा गुण मी मामीजींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, स्वभावावरून उचलला होता, पण ते तेव्हा सांगितलं नाही.) भोंगा थांबवायला एकच गुप्त बटन. ते पेडलांच्या वर, उजव्या अंगाला, अंधारात लपवलं होतं. ठाऊक फक्त दोघांना, मामाजींना आणि मला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी यंत्र तयार झालं. सगळं घर ओसरीवर जमलं आणि मी व्याख्यान दिलं. तिथेच माझा घात झाला.

मामीजींनी विचारलं, "बापू, दिव्याले त दोन तारा लागते म्हंते. तुमी एकच लावून राह्यले?"

"मामीजी, दुसरी तार म्हंजे हा मोटारीचा पत्राच! बॅटरीचं एक टोक पत्र्याले बांधलेलं रायते. करंट तारेनं जाते आन् पत्र्यातून वापस येते. म्हंजे पाहा, मोटारीच्या अंगभर करंट खेळून राह्यला!"

"अंगभर?"

"अंगभर!"

"माय वं! म्हंजे मोटार जिती हाये म्हना!"

"तसंच समजा," मी उदारपणे म्हणालो.

त्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदमळण असते. वर्षभर जू ओढून दुखावलेले बैलांचे खांदे लोणी-हळदीने चोळायचे आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीचं आवतण द्यायचं. संध्याकाळी मी मागच्या बाजूला हात धूत होतो, तेव्हा मामीजींचा आवाज आला.

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये!"

मला वाटलं, बैलांना म्हणताहेत. जाऊन पाहतो तो मामीजी पळसाच्या पानावर लोण्याचा गोळा घेऊन मोटारीपुढे उभ्या!

"मामीजी, हे काय करून राह्यल्या?"

"काहून? तुमीच त म्हनले जिती हाये म्हनून. वर्सभर राबते बिचारी. तिचे खांदे नाई दुखत?"

"पण मोटारीले खांदा कुठी हाये?"

"मी पाह्यला ना. दार जिथून फुटते, तोच खांदा." आणि त्यांनी अभिमानाने दाराची चौकट दाखवली. लोणी-हळदीने पिवळीधमक! मामीजींचा हात म्हणजे तीस बैलपोळे पाहिलेला हात. त्या हाताखाली चांगल्या थोराड बैलाचे गुडघे वाकत, माझ्या पितळी पट्ट्यांची काय कथा! मी फडक्याने लोणी पुसलं, पट्ट्या वरवर सरळ केल्या, दार लावलं. भोंगा वाजला नाही. मी निश्चिंत झालो. (कोर्समध्ये 'निश्चिंत होऊ नये' असा धडा नव्हता.)

दुसऱ्या दिवशी मामीजींनी हट्ट धरला, की आवतण दिलंय तर मोटार पोळ्यात गेलीच पाहिजे! मग काय, टपावर झूल, दिव्यांना बेगड, आरशाला गोंडे. नवरदेवासारखी सजलेली मोटार आखरावर, म्हणजे गावाच्या मोकळ्या मैदानावर, बैलांच्या रांगेच्या बाजूला उभी राहिली. मामाजींनी माझ्या कानाला लागून विचारलं, "बटन चालू हाये ना? गर्दीचा भरोसा नाई."

"चालू हाये."

पोळ्याची रीत अशी, की मानाची जोडी आधी तोरणाखालून जाते, तोरण तुटतं, आणि मगच पोळा फुटतो. म्हणजे बाकीचे बैल सुटतात. मानाच्या जोडीची हळद-कुंकू लावून पूजा चालली होती. डफडी वाजत होती. तेवढ्यात रांगेतल्या एका बैलाने माशी हाकलायला म्हणून अंग हलवलं आणि त्याचा पुठ्ठा मोटारीच्या दाराला लागला.

आत वाकलेल्या पट्ट्या कडकडून भेटल्या. भोंगा सुटला!

पोळा फुटला म्हणजे काय फुटला! मानाची जोडी तोरणाखालून न जाता तोरण घेऊन गेली. तिच्यामागे झुली, गोंडे, कासरे आणि कासरे धरलेले मालक! क्षणात आखरावर फक्त माणसं उरली आणि ती सगळी माझ्याकडे पाहत होती.

"बंद करा ना बाप्पा!" कुणीतरी ओरडलं.

मी दार उघडून बटनाकडे झेपावलो, तर मामाजींनी माझा सदरा धरला. "थांबा! सारं गाव पाहून राह्यलं. बटनाची जागा गुप्त हाये!"

"मामाजी, बैल चालले!"

"बैल वापस येते. गुपित गेलं त येत नाई!" आणि मग ते भोंग्यावर आवाज चढवून गावाला म्हणाले, "तिकडं तोंडं करा सारे! मांगं पाहाचं नाई!"

मामाजी गावचे पाटील. पाटलाचा शब्द! सगळं गाव मारुतीच्या देवळाकडे तोंड करून उभं राहिलं. मी स्टेअरिंगखाली डोकं घातलं, पाय बाहेर, आणि बटन बंद केलं. शांतता झाली. मामाजींनी घाम पुसला. "आता परत चालू करून ठेवा."

मी चालू केलं. डफडं वाजलं, त्याच्या दणक्याने पट्ट्या पुन्हा भेटल्या. गाव पुन्हा देवळाकडे वळलं. मग मामीजी पुरणपोळी घेऊन आल्या आणि मोटारीच्या जाळीपुढे ठेवायला वाकल्या, त्यांचा हात पत्र्याला टेकला, आणि तिसऱ्यांदा! आता म्हादू आबा पुढे आले. गावातले सगळ्यात वडीलधारे, तोंडाने फटकळ.

"पाटील, फिरून फिरून मान अवघडली आमची. गावाले ठाव झालं सारं. पेडलाच्या वर, उजव्या हाताले, काळं बटन हाये. जवाईबापूची पाठ दिसते ना तीनदा! बंद करा अन् आमाले जेवाले जाऊ द्या."

त्या रात्री मला पुरणपोळी गोड लागली नाही. गाळा दूर चाललेला दिसत होता. मामाजींनी बटन परत चालू करायला लावलंच होतं, आणि त्याच्या भरवशावर मोटार आखरावरच ठेवली होती. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नाही. वाकलेल्या पट्ट्या एकमेकींना अर्धवट चिकटून बसल्या होत्या. तेवढ्या करंटवर रिले उठत नव्हता, पण मोटारीच्या टपातला दिवा, झुलीखाली, कुणाला न दिसता, जळत होता.

दुसरा दिवस पोळ्याची कर, म्हणजे कामाला सुट्टी. दुपारी जेवणं झाली, गाव आडवं झालं. मोटार आखरावरच होती. मी ओसरीवर डोळे मिटले तोच लांबून आवाज आला, म्हातारी म्हैस कण्हावी तसा.

"भोंगा!" मामाजी उठून बसले.

"काही नाही, मामाजी. बैल घासला असंन," मी कूस बदलत म्हणालो.

बैल नव्हता. अकोल्याकडचा एक नीटनेटका माणूस होता, पांढरा पायजमा घातलेला. त्याने मोटारीचं दार उघडलं होतं, आणि देवळाच्या ओट्यावर बसलेले म्हादू आबा त्याला पाहत होते. पुढचं सगळं आम्हाला नंतर आबांनीच सांगितलं, मोठ्या समाधानाने.

"कोन तुमी?" आबांनी विचारलं होतं.

"मी मिस्तरी. पाटलांनी बोलावलं. भोंगा दुरुस्तीला न्यायचाय."

"भोंगा नेता? या मोटारीचा?" आबा ओट्यावरून उतरलेच! "मंग बटन इथी नाई, तिथी हाये पाहा. पेडलाच्या वर, उजव्या हाताले. काळं."

त्याने बटन बंद केलं. चावीच्या जागी तार घातली. मोटार ढिम्म! टपातल्या दिव्याने बॅटरी चाटूनपुसून खाल्ली होती.

"धक्का द्या लागंन," तो म्हणाला.

आबांनी हाळी दिली. भोंगा गावाबाहेर जातोय म्हटल्यावर कोण मागे राहणार! कर असूनही दहा-पंधरा गडी धावले. त्यांनी चोराला आधी चहा पाजला आणि मग मोटार ढकलली. आखरावरून वेशीपर्यंत, वेशीपासून नाल्यापर्यंत. "अकोल्यापावतर ढकलतो म्हना," असं एकाने आश्वासनही दिलं. पण मोटार काही केल्या सुरू होईना. नाल्याच्या चढावर चोर दमला. रिसोडकडे जाणारी जीप दिसली, तिला हात केला आणि "सामान घेऊन येतो" म्हणून निघून गेला.

आखरावर मोटार दिसेना म्हणून शोधत आम्ही नाल्यापाशी पोहोचलो तेव्हा मंडळी मोटारीला टेकून त्याची वाट पाहत होती.

"मिस्तरी?" मामाजी म्हणाले. "मी कोनताच मिस्तरी बोलावला नाई."

मोटारीला टेकलेले गडी सरळ उभे राहिले. म्हादू आबा फक्त एवढंच म्हणाले, "मानूस बोलाचालाले चांगला होता."

मामाजी माझ्याकडे वळले. "बापू, मोटार काहून सुरू नाई झाली?"

"बॅटरी उतरली."

"काहून?"

"टपातला दिवा कालपासून जळत होता."

"काहून?"

"मी बसवलेल्या पट्ट्या वाकल्या, मामाजी. खांदमळणीत."

मामाजींनी नाल्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. गाळा नाल्यातून वाहत चाललेला मला स्पष्ट दिसत होता.

"म्हंजे," मामाजी हळूहळू म्हणाले, "तुमी हे यंत्र लावलं नसतं, त बॅटरी उतरली नसती."

"नाही."

"अन् चोर मोटार घेऊन गेला असता."

माझ्या डोक्यात उजेड पडला! "गेलाच असता, मामाजी! म्हंजे मोटार वाचली ती माझ्याच यंत्रानं!"

"पाटील, शब्द म्हंजे शब्द," आबा म्हणाले. (त्यांना भोंग्यासकट मी रिसोडला जायला हवा होतो.)

मामाजींनी गाळा दिला. अट एकच, त्यात तार नावाची वस्तू ठेवायची नाही. म्हणून गेली कित्येक वर्षं मी त्या एसटी स्टँडाजवळच्या दुकानात कुलपं आणि साखळ्या विकतो. पहिलं गिऱ्हाईक खुद्द मामाजी. त्यांनी दुकानातली सगळ्यात जाड साखळी निवडली.

"मोटारीले का, मामाजी?"

"मोटारीले कायले? ते आता मोकळीच रायते. हे तुमच्यासाठी. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुमी गावात आले का कडुनिंबाले बांधून ठेवतो."

मी हसलो. मामाजी हसले नाहीत. तेव्हापासून दरवर्षी खांदमळणीला मोटार अंगणात मोकळी फिरते, मी कडुनिंबाखाली बाजेवर बसून असतो, आणि मामीजी बैलांचे खांदे चोळून झाले की उरलेलं लोणी घेऊन माझ्याकडे येतात.

"आज आवतन घ्या बापू, उद्या जेवाले या!"