गालातलं ब्लेड

ती दुपार अजून माझा पिच्छा सोडत नाही. इंदूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या, तेव्हाची. भोंगा थांबल्यापासून दुपार संपायचीच नाही. बिनधुराची चिमणी कुणी काढून विसरलेल्या चित्रासारखी आभाळात उभी असे. मी तेव्हा ठाणेदार होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो.

खबऱ्याचा निरोप आला. खटला चालू असलेल्या पोरांना ठेवतात त्या बालगृहात एका पोराच्या गालात ब्लेड आहे, पळायचा बेत दिसतो. गालात अर्धं ब्लेड दडवणं ही पाकीटमारांची जुनी रीत. त्यात तिथले दात घासायचे ब्रश बंद करण्याची शिफारस माझीच. एकाने ब्रशचा दांडा घासून टोकदार केला होता, म्हणून. म्हटलं, ब्रश गेले, आता ब्लेडवर आले!

पोरगा पंधरा वर्षांचा. बंद गिरणीतून तांब्याची तार उचलल्याचा आरोप; बाप त्याच गिरणीत मागावर कामाला होता. डावा गाल टम्म फुगलेला, डोळे अर्धे मिटलेले.

"तोंड उघड."

मान हलली. नाही.

मी हुकमी अस्त्र काढलं. गरम पोहे-जिलेबी मागवली. त्याने जिलेबीकडे पाहिलं, डोळे भरले आणि तोंड फिरवलं. पोहे-जिलेबी नाकारणारा इंदुरी पोरगा! मी डायरीत लिहिलं : 'संशय बळावला.'

मग गालावर टॉर्च मारून दरडावलं. तो खिडकीबाहेर चिमणीकडे बघत होता. ओठ जेमतेम हलवत पुटपुटला, "भोंगा झाला. बाबा येतीलच."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही तो बंद पडलेला भोंगा ऐकू आला.

इतक्यात स्वयंपाकाच्या मावशी आल्या. त्यांनी पोराच्या कपाळाला हात लावला. "साहेबजी, ब्लेड-व्लेड काही नाही. दाढ सडलीये याची. तीन दिवस नुसतं पाणी पितोय. बघा, तवा झालाय नुसता!"

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही जिलेबी मागवली ना, मला वाटलं खातिरदारी चालू आहे."

जीप थेट इस्पितळात नेली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी गळ्यापर्यंत उतरलेली सूज दाबून पाहिली. "उद्या आणला असता तर याचा श्वास कोंडला असता," एवढंच म्हणाल्या. पू काढला, दाढ काढली. दोन दिवसांनी ताप उतरल्यावर पोरगा पहिलं वाक्य बोलला, "साहेब, ती जिलेबी कोणी खाल्ली?"

मी खाल्ली होती.

तारेचं काय ते कोर्टाने पाहिलं. मी माझी शिफारस मागे घेतली, ब्रश परत आले. पुढच्या महिन्यात डॉक्टरीणबाई बालगृहात सगळ्यांचे दात तपासायला आल्या, तर एकही पोर पुढे होईना. माझाच टॉर्च हातात घेऊन हा पठ्ठ्या म्हणाला, "पहिले साहेबांचं बघा."

खुर्चीत बसलो. "तोंड उघडा, साहेब," तो म्हणाला. उघडलं. पोरं माना लांबवून आत बघू लागली. दोन दाढा किडलेल्या निघाल्या, बाईंनी एकीला टोचलं आणि मी कळवळलो.

लोकांना तोंड उघडायला लावण्यातच माझी सगळी नोकरी गेली. तपासाच्या नाना युक्त्या शिकलो, नव्या पोरांना शिकवल्या. पण खरा प्रश्न मला त्या दिवशी, टॉर्चच्या पिवळ्या उजेडात मिळाला. पोरगा वाकून हळूच म्हणाला, "दुखतंय का, साहेब?"

त्याला मी हे एकदाही विचारलं नव्हतं.