अव्वांची बाजू

सॉफ्टवेअर विकणाऱ्यानं मला फसवलं आणि मी एका म्हातारीला फसवलं. त्यानं जाणूनबुजून फसवलं, मी नकळत. पण तो फोटो तिच्यापुढं ठेवणारा हात माझा होता.

जळकोटला हायवेवर माझा फोटो स्टुडिओ आहे. रस्ता रुंद झाला तेव्हा पुढची खोली गेली, मागची डार्करूम राहिली. आता तीच दुकान. हा धंदा मला कुणी शिकवला नाही. एक मोडका कॅमेरा घेतला, खोलला, जोडला आणि शिकलो. पेपर असो की फ्रेम, घासाघीस केल्याशिवाय मी काही घेत नाही. मला गंडवणारा माणूस सहसा सापडत नाही.

गेल्या वर्षी आमच्या गावचे अण्णा वारले. डाळी आणि शेंगांचे व्यापारी. माझं पहिलं गिऱ्हाईक तेच. वर्षश्राद्धाच्या आधी त्यांचा मुलगा मल्लिनाथ स्टुडिओत आला.

"काका, अव्वाला अण्णांचा फोटो पायजे."

"घरात चार हायत की. चारी माझेच."

"ते न्हाय. तिला तिच्या बाजूनं पायजे म्हनं."

मला कळेना. मी घरीच गेलो. अव्वा, म्हणजे अण्णांच्या बायको गंगव्वा, शेंगा निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी शेजारची जमीन थोपटली.

"दुकानात मालक गल्ल्यावर, अन् मी अशी त्यांच्या डाव्या अंगाला. जल्मभर मला ही बाजू दिसली. तुमच्या समद्या फोटूत पलीकडची बाजू हाय. त्यो गिऱ्हाइकाला दिसनारा मानूस. माझा न्हाय त्यो."

खरं होतं. चारी फोटोंत अण्णा उजव्या अंगानं बसलेले. प्रत्येकाची एक आवडती बाजू असते, असं मी मनात म्हटलं.

"कालपासून चष्म्यातनंबी धुरकट दिसतंय," अव्वा म्हणाल्या. "डोळं हायेत तवर द्या."

नेमकं त्याच महिन्यात सोलापूरला फोटोग्राफर लोकांचा मेळावा झाला होता. तिथं पुण्याच्या एका पोरसवद्या सेल्समननं एआयचं सॉफ्टवेअर दाखवलं होतं. जुना फोटो टाकायचा आणि कॅमेरा कुठं फिरवायचा ते सांगायचं. समोरून काढलेला माणूस बाजूनं दिसतो, बसल्या जागेवरून काढलेलं लग्न वरून दिसतं.

मी सरळ विचारलं होतं, "अंदाजपंचे तर न्हाय ना?"

"नाही सर! गेसवर्क अजिबात नाही. कॅमेरा त्या बाजूला असता तर जे दिसलं असतं, एग्झॅक्ट तेच दिसतं."

मी तासभर त्याच्याशी हुज्जत घातली. एका वर्षाच्या भावात दीड वर्षाची वर्गणी पदरात पाडून घेतली, शिवाय शिकवायला माणूस जळकोटला यावा हेही कबूल करून घेतलं. जिंकल्यासारखा घरी आलो.

अण्णांचे चारी फोटो स्कॅन केले. कॅमेरा डावीकडं फिरवला. पहिल्या खेपेला टोपी पोलिसाच्या टोपीसारखी झाली आणि गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीचं मेडल झालं. माझं टाळकं सरकलं. पण हळूहळू जमलं. कपाळावरचे विभूतीचे तीन पट्टे आडवेच राहिले, डबी डबीसारखी दिसली. मग मी व्यवसायाच्या नजरेनं तपासलं. उजेड कुठून येतो, नाकाची सावली कुठं पडते, सदऱ्याची शिवण बरोबर आहे का. एक चूक सापडली नाही. पूर्वी रिटचिंग म्हणजे निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल घेऊन श्वास रोखून बसायचं. एक सुरकुती कमी करायला सकाळ जायची. इथं चहा संपायच्या आत अण्णा दुसऱ्या बाजूनं बसले होते. मी खूश झालो. मोठा प्रिंट काढला, काच घातली आणि घेऊन गेलो.

अव्वांनी फ्रेम मांडीवर घेतली. चष्मा वर केला, खाली केला. काचेवरून बोट फिरवलं ते कानापाशी थांबलं.

"इवरु यारु?" त्या कानडीत म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून मराठीत, "हे कोन?"

मल्लिनाथ हसला. "अव्वा, अण्णा हायत की! चष्मा पूस."

"चष्मा पुसून तुज्या बाचा कान शिवला जाईल का रं? ह्यो कान कुनाचा?"

तेव्हा मला आठवलं.

अण्णांचा डावा कान फाटका होता. लहानपणी यात्रेत कुणीतरी कानातली सोन्याची बाळी हिसडून नेली आणि पाळीचे दोन तुकडे झाले. ते कधी जुळले नाहीत. पहिल्यांदा फोटोला बसले तेव्हा अण्णांनी मला बजावलं होतं, "व्यापारी मानूस लुटला गेलता हे फोटूत दिसलं तर बाजारात माजी काय पत ऱ्हाईल? डावी बाजू घ्यायची न्हाय." बदल्यात मी पाच शेर शेंगा मागितल्या होत्या. त्यांनी अर्ध्यावर आणलं, पण शब्द मी पाळला. लग्न असो, दुकानाची पूजा असो, मी फिरून उजवीकडं जायचो. इतकी वर्षं तो कान मी कॅमेऱ्यापुढं येऊ दिला नाही की तो होता हेच माझ्या डोक्यातून गेलं.

मी विसरलो. पण यंत्रानं तर तो कधी पाहिलाच नव्हता.

"अव्वा, चुकलं," मी म्हटलं.

"तुमी लपवलं ते बरूबर. त्येंनी सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "पर ह्यो नवा कान कशापायी?"

फ्रेम घेऊन परत आलो आणि सेल्समनला फोन लावला.

"सर, टेक्निकली मॉडेल जे दिसत नाही ते प्रेडिक्ट करतं."

"म्हंजी?"

"म्हणजे... अंदाजच, सर."

"मग सोलापुरात काय बोललास?"

"तो सेल्स पिच होता, सर."

"बरं. मग कान कुनाचा लावलास?"

"कुणाचाच नाही. लाखो कान बघून ते शिकलेलं असतं."

"कुनाचाच न्हाय असा कान असतोय का बाबा?"

त्यानं फोन ठेवला.

मी कधीच निगेटिव्ह गिऱ्हाइकाला दिली नाही. यात माया नव्हती, हुशारी होती. दुसरा प्रिंट हवा असेल तर माणूस माझ्याकडंच यावा. त्यामुळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत सगळा गाव पडून आहे. अण्णांच्या पाकिटांतली एकेक पट्टी उजेडाला धरायला लागलो. फोटो धुवायच्या हायपोचा तो आंबूस वास अजून त्या डब्यांत आहे. अण्णांच्या नव्या दुकानाची पूजा, हार, पेढे. अण्णा उजवीकडून, अण्णा उजवीकडून.

आता रोल भरण्याची एक गोष्ट सांगतो. रोल कॅमेऱ्यात घालताना सुरुवातीच्या तुकड्याला उजेड लागतो आणि तो जळतो. म्हणून झाकण लावलं की दोन-तीनदा खटका दाबून तो पुढं सरकवायचा. कॅमेरा कुठंही रोखलेला असतो, कुणी बघत नाही. त्या फ्रेमचा कुणी प्रिंट काढत नाही.

पूजेच्या दिवशी रोल भरायला सावली हवी म्हणून मी आत जाऊन अव्वांजवळच्या पोत्यावर बसलो होतो. त्या रोलची पहिली फ्रेम अर्धी जळलेली होती. उरलेल्या अर्ध्या भागात अण्णा होते, डाव्या बाजूनं. टोपी मागं सरकलेली, मान खाली वळवून तोंड उघडं, काहीतरी बोलताना. आणि कान. दोन तुकड्यांचा.

स्कॅन केला. एक डागही पुसला नाही. अर्धा कागद केशरी-पांढरा जळका, तसाच प्रिंट दिला.

अव्वांनी बोट थेट कानावर ठेवलं. बराच वेळ काढलं नाही.

"माज्याशीच बोलत्यात," त्या म्हणाल्या. "मीठ घे म्हनत असतील. शेंगा भाजताना मी कायम इसरायची."

मल्लिनाथ माझ्या कानात म्हणाला, "काका, जळलेला भाग त्या सॉफ्टवेअरमधी भरून घ्यायचा का?"

"हात तर लाव," मी म्हटलं.

यंत्र मी टाकून दिलेलं नाही. दीड वर्ष भांडून घेतलंय, साड्यांच्या दुकानांच्या जाहिरातींना चालतं. मी शिकलो ते एवढंच, की जे मी कधी टिपलं नाही ते कुठल्याही यंत्राकडं नसतं, आणि ते आहे म्हणून विकणाऱ्याशी घासाघीस करणारा मीच खुळा.

कंपनीला मी लेखी तक्रार केली. उत्तर आलं की आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, आणि आमच्या सेवेला पाचपैकी किती स्टार द्याल?

स्टार नंतर. आधी जळकोटला या. अव्वा अजून त्याच जागी शेंगा निवडत बसतात. त्यांच्यासमोर मांडी घालून बसा आणि त्यांच्या तोंडावर सांगा, तो कान कुणाचा होता.