बॅरनचा किताब आणि आमचे टाक

परदेशातल्या गुंगालिन या उपनगरातला आमचा रस्ता एका बॅरनच्या नावाचा आहे. घरी पाहुणा आला की मी त्या बॅरनची गोष्ट सांगतो आणि बायको भांडी घासायला उठते. घरात डिशवॉशर आहे.

गोष्ट अशी. इथल्या कारभारात नाव काढलं म्हणून राणीने एका साहेबाला बॅरन केलं. अट एकच, किताब मुलाकडे, मग त्याच्या मुलाकडे. मुलगा झाला, नातू झाला. नातवाला मात्र तिन्ही मुलीच. तो गेला आणि किताब संपला. घोडे, चांदीचे चमचे मुलींना मिळाले. ‘लॉर्ड’ तेवढं कोणालाच नाही. “एवढे शहाणे लोक, पण घरातल्या मुली दिसल्या नाहीत!” असं म्हणून मी हसतो. पाहुणेही हसतात, सभ्यपणे.

आमच्याकडे किताब नाही, टाक आहेत. चांदीचे छोटे पत्रे, त्यांवर ठोकून काढलेले कुलदेव. ते थोरल्या मुलाकडे जातात. वडील गेल्यावर मी ते पुण्याहून हातातल्या बॅगेतून आणले. मला एकच मुलगी. धाकट्या भावाला मूलबाळ नाही.

यंदा दसऱ्याला टाक घासताना मी मोठ्या मनाने जाहीर केलं, “आपण काही बॅरन नाही. प्रथा गेली खड्ड्यात. माझ्यानंतर हे तुझे.”

मुलगी युनिव्हर्सिटीला निघाली होती. लेस बांधता बांधता थांबली. “बाबा, आय डोन्ट वॉन्ट देम. मी पूजा करत नाही. ड्रॉवरमध्ये पडून राहतील. खोटं कशाला बोलू?”

“अगं, मुलीला देतोय! आजोबांनी दिले नसते.”

“त्या बॅरनच्या मुलींना विचारलं होतं का कोणी, हवंय का म्हणून?”

इतकी वर्षं गोष्ट सांगतोय, पण हे मी कधी शोधलंच नव्हतं.

“काकाला दे ना.”

“काका मला म्हणतो, तुझ्याकडेच राहू दे, तिकडे चोऱ्या होत नाहीत.”

“सॉरी, बाबा,” ती म्हणाली. खरंच वाईट वाटलं होतं तिला. मग ट्रामसाठी पळाली.

मी घासत बसलो. पिढ्यानपिढ्या घासून खंडोबाचं नाक कधीच गेलंय. घोडाही आता कुत्र्यासारखाच दिसतो.

“फार घासू नकोस,” बायको म्हणाली, “काही उरणार नाही.”

पुढच्या शनिवारी पाहुणे आले. गोष्ट मी तिन्ही मुलींपर्यंत आणली आणि थांबलो.

“मग?” पाहुण्याने विचारलं.

“मग काही नाही. संपलं.”

कोणी हसलं नाही. बायको त्या दिवशी उठली नव्हती.