प्रश्नचिन्हांची दुपार

पुण्यात दुपारी एक ते चार कुणी कुणाला काही विचारू नये, असं लोक थट्टेने म्हणतात. आमच्या साइटवरच्या गर्दीच्या आलेखावर मात्र ही थट्टा रोज दिसायची. बरोबर एक वाजता रेघ खाली घसरायची आणि चारला, चहाच्या वेळेला, पुन्हा वर चढायची. म्हणून डेटाबेस जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर हलवायची वेळ ठरवताना मी फार डोकं चालवलं नाही. इतर कंपन्या अशी कामं मध्यरात्री करतात, आम्ही भर दुपारी करायचं ठरवलं.

साइट साधी होती. मराठीत प्रश्न विचारायचा, ज्याला माहीत असेल त्याने उत्तर द्यायचं. लोणच्याला बुरशी का येते, गच्चीवरची टाकी गळते त्याला काय करावं, बाळाचं नाव ‘थ’वरून काय ठेवावं. वर्षानुवर्षं लोक लिहीत राहिले आणि नोंदी लाखांच्या घरात गेल्या. हडपसरच्या ऑफिसात आम्ही सहाजण होतो आणि या सगळ्या नोंदी सांभाळणं माझ्याकडे होतं.

या लाखो नोंदींमध्ये माझ्या अब्बांची उत्तरं होती.

अब्बांचं मंडईच्या मागच्या गल्लीत शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढावं लागलं आणि आवाज कायमचा गेला. दुकान बंद केलं, आम्ही हडपसरपुढे मांजरी गावात फ्लॅट घेतला होता तिथे त्यांना घेऊन आलो. दोन महिने ते बाल्कनीत बसून होते. समोर एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला बांधकामाच्या क्रेन. गिऱ्हाइकाला चार शब्द सुनावल्याशिवाय ज्यांचा दिवस जात नसे, त्या माणसाला असं गप्प बसलेलं मला बघवेना. मग मीच एक उद्योग केला. एका नव्या मेल पत्त्यावरून, साताऱ्याची एक गृहिणी बनून, साइटवर प्रश्न टाकला: माझ्या जुन्या पायमशीनचे टाके सुटतात, पट्टा नाडीने बांधलाय, काय करू? आणि अब्बांना मोबाइल उघडून दाखवला. दुसऱ्या दिवशी प्रश्नाखाली ‘उत्तरे: १’ असं दिसलं. मी खूश झालो. माझं काम झालं होतं.

त्यानंतर ते लिहीतच राहिले. घरात आम्ही दख्खनी बोलतो, पण शाळा मराठी आणि गिऱ्हाईक मराठी, त्यामुळे अब्बा लिहायचे ते मराठीतच. उत्तर अचूक आणि वर एक टोमणा. लोकांना टोमणाच आवडायचा. कुणी लिहायचं, “काका, आज रागावला नाहीत, तब्येत बरी आहे ना?” जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं त्यांनी तिथे बोलून टाकलं. घरात मात्र आम्ही एकमेकांना मेसेज करायचो. ते समोर बसलेले असले तरी मी “जेवलात का” हे टाइप करायचो. त्यांना लिहून बोलावं लागतं, तर आपणही लिहावं, हा मला शिष्टाचार वाटायचा.

त्या दुपारी दोन वाजेपर्यंत सगळं सुरळीत होतं. जुन्या सर्व्हरवरच्या नोंदी मोजल्या, नव्यावरच्या मोजल्या. आकडा तोच. नव्या साइटवर एक प्रश्न टाकून पाहिला, ‘test 123’, तो नीट उमटला. आम्ही सगळे मराठी, साइट मराठी, पण चाचणी म्हणून कधी कुणी मराठी शब्द टाइप केला असेल तर शपथ. इंग्रजी पटकन होतं. जुना सर्व्हर त्याच दिवशी परत करायचा होता. ‘मोजणी जुळली’ असा मेसेज मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, तो सर्व्हर पुसून रिकामा केला आणि डबा उघडून जेवायला बसलो.

तीनला अब्बांचा मेसेज आला. सगळं पुणं झोपलं तरी अब्बा दुपारी झोपत नाहीत.

“माझी उत्तरं कुठे गेली? नुसती प्रश्नचिन्हं.”

मी साइट उघडली. हातातला घास तसाच राहिला. प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह. आकडे जागच्या जागी, पूर्णविराम जागच्या जागी, मधली माणसं गायब. अब्बांचं एक उत्तर असं दिसत होतं: “14 ?????? ???.” नोंद होती, म्हणून मोजणीत आली होती. आत काही नव्हतं.

मी अब्बांना लिहिलं, “काम चालू आहे, थोडं थांबा.” हे खोटं होतं, पण खरं काय ते मला अजून कळलं नव्हतं.

बॅकअप आहे ना, असं मी स्वतःला मोठ्याने म्हणालो. कालचा उघडला. प्रश्नचिन्हं. परवाचा उघडला. प्रश्नचिन्हं. आम्ही महिन्याभराचे बॅकअप ठेवायचो, मी मागे मागे जात राहिलो. सगळ्यात जुन्या फाइलशी आलो तेव्हा मला कळून चुकलं. काही महिन्यांपूर्वी बॅकअपचा प्रोग्रॅम मीच नव्याने लिहिला होता. त्यात अक्षरांची एक सेटिंग चुकली होती आणि तेव्हापासून रोज आम्ही प्रश्नचिन्हं जपून ठेवत होतो. तोच प्रोग्रॅम वापरून मी आज सगळा डेटा हलवला होता. त्या वेळी बॅकअपची फाइल अचानक एक तृतीयांश झाली होती (मराठी अक्षराला तीन बाइट लागतात, प्रश्नचिन्हाला एक) आणि मीटिंगमध्ये मी ती माझी करामत म्हणून सांगितली होती. साइटच्या मालक असलेल्या मॅडमनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं. एकदाही फाइल उघडून वाचावी असं कुणाला वाटलं नव्हतं, मला तर नाहीच.

भीती वाटते म्हणजे काय होतं ते मला त्या दिवशी समजलं. डोक्यात एकच वाक्य फिरत राहिलं: बापाचा आवाज दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळी तो तू घालवलास. नोकरीचं काय होईल हे तेव्हा मनातही आलं नाही. ते नंतर आलं, आणि तेही भयंकरच होतं.

पावणेचारला फोन पुन्हा वाजला. अब्बांचा मेसेज, सोबत एक फोटो. मी तो उघडला नाही. फोन पालथा घातला. काय लिहिलं असेल ते मला माहीत आहे असं वाटलं, आणि ते वाचायची माझी हिंमत नव्हती.

चारच्या सुमारास मॅडम आल्या. मी उभं राहून सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या स्क्रीनवरची दोन-तीन उत्तरं स्वतः उघडून पाहिली.

“अहो, मोजणी जुळली म्हणून तुम्हीच मेसेज टाकलात ना?”

“जुळली, मॅडम.”

“मग आता हे लोकांना तुम्हीच सांगा. त्यांनी लिहिलं होतं तेवढ्याच ओळी आहेत म्हणावं.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. लोकांना काय सांगायचं ते लिहायला मी खाली बसलो. पहिलं नाव मनात अब्बांचं आलं. निदान त्यांनी काय लिहिलंय ते तरी वाचावं म्हणून मी फोन सुलटा केला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

फोटोत आमच्याच साइटचा शोध होता. अब्बांनी ‘बॉबिन’ असा शब्द टाकला होता आणि खाली त्यांच्या उत्तरांच्या दोन-दोन ओळी दिसत होत्या. स्वच्छ मराठीत. फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं: “शोधलं तर दिसतं. उघडलं तर नाही. म्हणजे आत कुठेतरी आहे. नीट बघ.”

मी खुर्चीवरून उठलोच. शोधासाठी आमचा वेगळा सर्व्हर होता आणि झटपट शोधता यावं म्हणून प्रत्येक नोंदीची एक पूर्ण नक्कल तो स्वतःकडे ठेवायचा. ही गोष्ट मला माहीत होती. अब्बांना माहीत नव्हती, पण त्यांनी मशीन कान लावून ऐकावं तशी साइट तपासली होती. आणि मला माहीत असलेली दुसरी गोष्ट अशी होती की ती नक्कल दर आठवड्याला डेटाबेसवरून नव्याने भरली जायची. सगळ्यात जुन्या नोंदीपासून सुरुवात. आजच. चार वाजता, पुणं जागं होताना.

ते दहा मिनिटांपूर्वी सुरू झालं होतं. माझ्या डोळ्यांदेखत चांगल्या नोंदींवर प्रश्नचिन्हं चढत होती. पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चुकला असता तर खातं बंद पडलं असतं. मी हात मांड्यांना पुसले, एकेक अक्षर मनात म्हणत टाइप केलं, आत गेलो आणि ते थांबवलं. मग कितीतरी वेळ कीबोर्डला हात लावायची भीती वाटत होती.

पुढचे चार दिवस आम्ही शोधाच्या सर्व्हरमधून नोंदी काढून पुन्हा डेटाबेसमध्ये भरल्या. या वेळी मी मोजलं नाही. उघडून वाचलं, जमेल तेवढं. जवळजवळ सगळं परत आलं. पहिल्या काही वर्षांचं मात्र त्या दहा मिनिटांत गेलं होतं. मेसेज आला तेव्हाच वाचला असता तर तेही वाचलं असतं. अब्बांचं पहिलं वर्ष त्यातच होतं. मी त्यांना तसा मेसेज केला. ते समोरच, बाल्कनीत बसले होते. त्यांनी वाचला आणि मान हलवली.

मग मॅडमना सुचलं. कुणी उत्तर दिलं की विचारणाऱ्याला ते आपोआप मेलने जायचं. जुने मेल कुणाकडे असतील तर पाठवा, अशी विनंती साइटवर टाकली. मेल येऊ लागले, कोल्हापूरहून, अकोल्याहून. बायकांनी अब्बांची उत्तरं जपून ठेवली होती. ती एकेक करून भरताना माझ्या लक्षात आलं की साताऱ्याच्या गृहिणीचा मेल अजून आलेला नाही.

तो पत्ता आठवायला मला अर्धा तास लागला. आत जाहिरातींचा ढीग होता आणि तळाशी आमच्या साइटचा एक मेल. आठ वर्षं न उघडलेला. ‘उत्तरे: १’ एवढं पाहून मी खूश झालो होतो. उत्तर वाचलंच नव्हतं. ऑफिसात बसून तो मेल उघडताना मला पुन्हा त्या दुपारसारखीच भीती वाटली, का ते सांगता येत नाही.

“ताई, सुई उलटी बसली आहे. चपटी बाजू फिरवून लावा, टाके सुटणार नाहीत. सुई 16 नंबरची घ्या. पट्टा नाडीने बांधला आहे असं तुम्ही लिहिता. पट्टा नाडीने बांधू नये हे मी घरात तीनदा सांगितलं होतं. असो. मशीन घरातलंच आहे, तेव्हा पुढच्या वेळी घरातच विचारा, तोंडाने. माझं बोलणं गेलंय. ऐकू येतं.”

मी ते उत्तर जागेवर नेऊन ठेवलं, एकही अक्षर न बदलता, आणि लवकर घरी गेलो. अब्बा बाल्कनीत होते. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसलो. सवयीने हात खिशातल्या फोनकडे गेला, तो मी बाहेर काढला आणि कठड्यावर ठेवून दिला. आठ वर्षांत त्यांच्याशी मोठ्याने पूर्ण वाक्य बोललो नव्हतो.

“अब्बा,” मी म्हटलं, “अपने मशीन का पट्टा किधर मिलेगा?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून त्यांनी आपल्या मोबाइलवर काहीतरी टाइप केलं. कठड्यावरचा माझा फोन थरथरला. या वेळी मी तो लगेच उचलला.

“मंडईच्या मागे. थांब, चप्पल घालतो.”