पान्हेबाईचा ताण

पान्हेबाई दुपारच्या सुट्टीत गोदामात बसून चोरून कपडे शिवते, अशी आमच्या शिवणखान्यात बोलवा होती. ती अगदीच हवेतून आलेली नव्हती. एक वाजला, बेचाळीस मशिनी थांबल्या आणि डबे उघडले की गोदामाच्या बंद दाराआडून जुन्या पायमशीनची खडखड सुरू व्हायची, ती पावणेदोनपर्यंत. काजं करणारी एक बाई होती, तिला आम्ही काजवालीच म्हणायचो. कशालाही भोक पाडण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. तिने शोध लावला, की पान्हेबाईचं स्वतःचं दुकान आहे आणि कापड आपल्याच ताग्यांतलं जातं. मी तिथला कटिंग मास्तर. बातमी माझ्याकडे आली तेव्हा दुकान एका खोलीचं होतं, माझ्याकडून पुढे गेली तेव्हा त्याला माडी चढली होती. माणसाने खोटं बोलू नये, पण थोडं शिवणकाम करायला काय हरकत आहे?

पान्हेबाई आमची मशीन मिस्त्री. बाईला पान्हा फुटतो हे सगळ्यांना ठाऊक, पण बाईच्या खिशात पान्हा आम्ही तिच्याच पाहिला, म्हणून ते नाव. शिडशिडीत, केसात पेन्सिल, बोटांना कायम तेल. दारातून आत येतानाच म्हणायची, "तिसऱ्या ओळीतली सहावी रडतेय." मशीन हं, बाई नव्हे. जाऊन बघावं तर खरोखर तिचं हुक घासलेलं. जीभही तशीच धारदार. मी एकदा म्हटलं, "बाई, माझी कात्री जरा बघ, चालत नाही." तर म्हणे, "मास्तर, जीभ चालते ना? तिनेच कापा."

अशी बाई, पण जेवणाच्या घंटेला गायब. वाढदिवसाचा केक कापला की तिला नेमकी कुठल्या तरी मशिनीची आठवण व्हायची. घरीही तेच. नवरा लवकर वारला, मुलीला एकटीने वाढवलं. मुलीला गरम वाढायची आणि स्वतः ओट्याशी उभी. "तू जेव गं, मी मागाहून जेवते." मागाहून जेवणाऱ्या आईचं सगळे कौतुक करतात. तपास कुणी करत नाही.

तपास अखेर मुलीनेच केला. तेवीस वर्षांची झाली, दूरच्या शहरात नोकरी लागली, निघायला सात आठवडे उरले. आईने विचारलं, "जाताना काय देऊ तुला? घड्याळ देऊ?"

"घड्याळ नको. एकदा माझ्यासमोर बसून जेव."

"हे काय मागणं झालं!"

"मग दे की. सोपं आहे ना?"

त्याच संध्याकाळी बसली बिचारी. समोर ताट आलं, घास कालवला, तो तसाच ताटात राहिला. दुसऱ्याच मिनिटाला उठली आणि स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला लागली. नळ चांगला होता. मुलगी आपलं ताट झाकून आत गेली. भांडली असती तर बरं, असं पान्हेबाई पुढे म्हणाली. इतकी वर्षं लपवलेलं मुलीने पाहिलं होतं, आणि ती अशीच निघून गेली असती तर ते झाकलेलं ताट जन्मभर दोघींच्या मध्ये राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी मुलीने तिला धरून मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथे जे घडलं ते मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं आणि दोन्ही वेळा मी पोट धरून हसलो. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "ताण किती आहे?"

"साडेतीन," पान्हेबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"साध्या सुती कापडाला तेवढा पुरतो. जाड असलं तर पाचपर्यंत नेते."

डॉक्टरीणबाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलीने कपाळावर हात मारला. "आई, मशिनीचा नाही, तुझा ताण!"

"माझा कशाला? माझ्यावर काय चकती बसवलीय?"

हसून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ही चकती मला नीट समजावून सांगा." झालं! मिस्त्रीला मशिनीबद्दल विचारणं म्हणजे मला शेजाऱ्यांबद्दल विचारणं. वरच्या दोऱ्याचा ताण शून्य ते नऊ आकड्यांवर कसा फिरतो, फार आवळला की दोरा तुटतो, फार सैल सोडला की खाली जाळं होतं, सगळं सांगितलं. "आणि नवशिक्या पोरी खाली गुंता दिसला की खालची बॉबिनच पिळत बसतात. खोट असते वर."

"मग तुमचा गुंता ताटात दिसतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण चकती कुणी फिरवली?"

तेव्हा मामाची गोष्ट बाहेर आली. आईबाप गेल्यावर पान्हेबाई मामाकडे वाढली होती. मामाला चावण्याचा आवाज खपत नसे. कुणाच्या तोंडून मचमच ऐकू आली की त्याचं ताट भिंतीवर जाई, आणि मग त्या माणसाची पाळी. आठ वर्षांची पोर घास न चावता गिळायला शिकली, मग न गिळता उठायला. मोठेपणी दोन दोन दिवस चहावर काढायची, आणि मग एकटी सापडली की डबेच्या डबे उभ्याने रिकामे करायची आणि स्वतःची शिसारी येऊन पुन्हा चहावर.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मला फार आवडलं. म्हणाल्या, "हा हावरटपणा नाही आणि नखराही नाही. शरीरात एक राखणदार असतो. धोका दिसला की तो आधी पोटाचं दुकान बंद करतो, कारण पळायच्या वेळी जेवतं कोण? मामाच्या घरी त्याने तुम्हाला सांभाळलं. मामा गेला, पण ते राखणदाराला कुणी कळवलंच नाही. ताट दिसलं की तो अजून शिट्टी फुंकतो. आणि उपाशी ठेवलेलं शरीर संधी मिळताच तुटून पडतं, हे तर कुणाचंही होईल."

"मग त्याला नोकरीवरून काढून टाकू?"

"नको हो. त्याला फक्त खबर द्यायची आहे. रोज, थोडी थोडी."

औषधं नव्हती असं नाही, पथ्य सांगणाऱ्या बाईही होत्या, वजन आणि रक्तही तपासलं. वजनाचा आकडा लिहू नका अशी मला तंबी आहे, म्हणून लिहीत नाही. पण खरी मौज आकडा मोठ्याने म्हणण्याची. दिवसातून तीनदा ठरल्या वेळी बसायचं, पहिल्या घासाआधी चकतीसारखा शून्य ते नऊमध्ये ताण किती ते बोलायचं, पाय जमिनीवर टेकायचे, श्वास सोडायचा लांब, आणि मग घास. पहिल्या आठवड्यात मुलगी शेजारच्या खोलीत, दार बंद. दुसऱ्यात दार उघडं. तिसऱ्यात दोघी पाठीला पाठ लावून, भांडलेल्या जावांसारख्या. दार बंद असताना आतून ओरडा यायचा, "आठ!" बाहेरून उत्तर, "घे श्वास!" शेजाऱ्यांना वाटलं, दोघी आकडा लावायला लागल्या.

शिवणखान्यातही तोंडातून निघून जायचं. साहेबांनी तिला बोलावून विचारलं, "मशीन कधी मिळेल?" तर ही म्हणाली, "सात." साहेब सात वाजेपर्यंत थांबले.

सगळं सरळ झालं असं मात्र नाही. चौथा आठवडा पार वाया गेला. पुन्हा चहा, पुन्हा डबे. "उसवलं," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. त्या म्हणाल्या, "उसवलं तर काय करता?" "पुन्हा शिवते." "मग?" पुढच्या सोमवारी ती पुन्हा पाठीला पाठ लावून बसली.

मुलगी निघायची त्याच्या आदल्या रविवारी, भर दुपारी, दोघी समोरासमोर बसल्या. उकडलेले बटाटे, अंडी, लोणी लावलेला ब्रेड आणि गाजरं. पान्हेबाई म्हणाली, "आठ." पहिला घास गेला. दुसरा गेला. पाचव्या घासाला "सहा" म्हणाली. मुलगी इतकी खूश झाली की भान सुटलं आणि लाडात येऊन बोलून गेली, "आई, किती मचमच करतेस गं!"

शब्द बाहेर पडला आणि मुलीचं तोंड पांढरं झालं. पान्हेबाईचा हात हवेत थांबला. पाय खुर्चीखालून दाराच्या दिशेला वळले. "नऊ," ती कशीबशी म्हणाली.

मुलीने माफी मागितली नाही. तिने ताटातलं सगळ्यात मोठं गाजर उचललं आणि तोंड उघडं ठेवून चावायला लागली. कर्रम, कर्रम, कर्रम. बकरीलाही लाज वाटेल असं. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि गाजर चालू. पान्हेबाईने भिंतीकडे पाहिलं. भिंत कोरी होती. कुणाचंही ताट उडालं नव्हतं.

"अगं, तोंड मिट, दात मोजता येतायत," ती म्हणाली, आणि स्वतः एक गाजर घेतलं. मग काय गोंगाट झाला म्हणता! वरच्या मजल्यावरच्या म्हातारीने काठी आपटली. दोघी हसून हसून खोकायला लागल्या. अर्धं ताट राहिलं. राहू दे. शेवटचा आकडा "चार" होता.

मुलगी गेली, छान चाललंय तिचं. पान्हेबाई आता आमच्या पोरीबाळींत बसून जेवते, भिंतीला पाठ लावून, दार दिसेल अशी. डॉक्टरीणबाईंकडे महिन्यातून एकदा जाते. पहिल्या दिवशी ती डबा घेऊन टेबलावर आली तेव्हा काजवालीने घास खाली ठेवून विचारलंच, "आणि गोदामातलं शिवण?"

पान्हेबाईने सांगितलं. पायमशीनला दोरा नव्हता, कापड नव्हतं, सुईसुद्धा नव्हती. ती अकरा वर्षं पायाने मशीन चालवत हाताने ब्रेड खात होती, चावण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.