बालाखान्याचा किराया

एका शब्दाच्या जोरावर मी एका बाईला तिच्या दोन खोल्यांतून बाहेर काढलं. शब्द निवडताना चूक झाली, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. अदालतीत नकलनवीस म्हणून दिवसभर दुसऱ्यांचे उर्दू कागद उतरवून काढणाऱ्या माणसाची अशी चूक होत नाही. त्या शब्दाचे दोन्ही अर्थ मला ठाऊक होते आणि मी तो दुसऱ्या अर्थासाठीच घातला.

हे सगळं एका इमारतीपायी झालं. आमचं गाव निजामाच्या राज्यात, कागदावर उस्मानाबाद आणि तोंडात धाराशिव. गावात घरं म्हणजे दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत एका सरकीच्या व्यापाऱ्यानं चौकाला लागून तीन मजली इमारत उठवली. सिमेंट कुणाला मिळत नव्हतं, शेठजींना मिळालं. कसं, ते विचारायची पद्धत नव्हती. दारावर उर्दूत ‘मंजिल’ अशी पाटी लागली. गाव तिला तिमजली म्हणायचं. बाजारच्या दिवशी खेड्यातले लोक माना वर करून उभे राहायचे. एका म्हाताऱ्यानं शेठजींना विचारलं होतं, “समदं खरं मालक, पर बैल कुठल्या मजल्यावर बांधायचा?”

म्हाताऱ्याला लोक हसले. खरं तर आम्हा किरायादारांना हसायला हवं होतं. खाली दोन खोल्यांना जो किराया, तो मधल्या मजल्यावर दीडपट आणि वर दुप्पट. खोल्या सगळ्या सारख्याच. नळ खाली, संडास मागच्या बोळात. वरचा माणूस दुप्पट पैसे देऊन दोन जिने पाणी वाहायचा आणि पोटात कळ आली की तेच दोन जिने पळत उतरायचा. शेठजींना कुणी विचारलं तर ते म्हणायचे, “खाली भिंतींचा किराया घेतो, वर हवेचा.”

“मग वारं पडल्यावर सूट देता का?” असं चौकातला पानवाला त्यांना विचारायचा. शेठजी हसायचे, सूट द्यायचे नाहीत.

या तिमजलीसाठी मी जुन्या गल्लीतलं अर्धं घर सोडलं. तिथं आड होता, लिंबाचं झाड होतं आणि किराया इथल्या निम्माही नव्हता. सोडायचं कारण सांगायला आज लाज वाटते. कचेरीतल्या एका नव्या कारकुनानं तिमजलीत खोली घेतली होती आणि तो ते रोज सांगायचा. मला परवडल्या त्या खालच्या मजल्यावरच्या, तेलाच्या दुकानामागच्या दोन अंधाऱ्या खोल्या. कचेरीत लोक विचारायचे, “कितव्या मजल्यावर?” मी “तिमजलीत” एवढंच सांगून दुसरा विषय काढायचो.

माझ्या शेजारच्या खोलीत उस्ताद राहायचे. मदरशातून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगी गुलबर्ग्याला दिलेली. पोरांना उर्दू शिकवून पोट भरायचे. मलाही त्यांनीच शिकवलं. माझं अक्षर अदालतीत नावाजलं जायचं, पण ते माझं नव्हतंच. उस्तादांचं वळण मी लहानपणापासून गिरवत आलो होतो.

अगदी वरच्या दोन खोल्यांत सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई होत्या. विधवा, पन्नाशीच्या आत-बाहेर, उंच आवाजाच्या. इमारत रिकामी होती तेव्हा वर राहायला कुणी धजत नव्हतं म्हणून त्यांना त्या खोल्या स्वस्तात मिळाल्या होत्या. जिना चढताना धाप लागली की मध्येच थांबून म्हणायच्या, “वर राहिलं की देव जवळ येतो बघा, आन् संडास लांब जातो.” गावात कुणाचीही बाई अडली की तिचा नवरा, दीर नाहीतर बाप धावत त्यांचा जिना चढायचा. माझ्या मुलीच्या वेळी मीही चढलो होतो. त्या भाकरीचा घास ताटात टाकून खाली आल्या. बायकोनं चोळीचा खण दिला तर म्हणाल्या, “पोरीला झबलं शिव त्याचं.”

पुढं गावात जागेची चणचण भासू लागली. सरकारी माणसं वाढली, खेड्यातले पैसेवाले येऊन राहू लागले, आणि स्वस्तातल्या त्या वरच्या खोल्या शेठजींच्या डोळ्यांत खुपायला लागल्या. त्यांनी मला तिमजलीच्या ओट्यावर बोलावलं. “कारकूनसाहेब, तुम्ही अदालतीतले. तुम्ही वरच शोभता. पण बाईला काढायचं कसं? दवाखान्याचे डॉक्टर विचारतील. काहीतरी सबब पाहिजे. किरायादारांचा एखादा तक्रारीचा कागद आला, तर...”

 पुढचं ऐकायची मला गरज नव्हती. मी त्यांना किराया वाढवून द्यायला तयार होतो.

उर्दूत वरच्या मजल्याला बालाखाना म्हणतात. शब्द साधा आहे. पण हैदराबादेत शौकीन लोक ‘बालाखान्यावर जातो’ म्हणाले, की ते नाचगाण्याच्या बाईकडं निघालेले असतात. मी दोनच ओळी लिहिल्या. ‘बालाखाने पर ग़ैर मर्दों की आमद-ओ-रफ़्त रहती है. शरीफ़ किरायादारों को तकलीफ़ है.’ खाली सही नाही, फक्त ‘किरायादार’. अदालतीत कुणी मला कुराणावर नाहीतर गीतेवर हात ठेवायला लावला असता, तरी यातला एकही शब्द खोटा ठरला नसता. वरचा मजला होता. परके पुरुष येत होते. माझ्या हुशारीची मला तेव्हा मौज वाटली होती.

शेठजींनी तो कागद ओट्यावर मोठ्यानं वाचून दाखवला. ज्यांना उर्दू येत होतं ते हसले. ज्यांना येत नव्हतं त्यांना हसणाऱ्यांनी समजावून सांगितलं, मग तेही हसले. संध्याकाळी नर्सबाईंना महिनाअखेर खोल्या सोडायला सांगितलं आणि कागद त्यांच्या हातात दिला.

त्या कागद घेऊन सरळ माझ्या दारात आल्या.

“भाऊ, मला बालबोध येतं, मोडी येते. हे येत न्हाय. तुमी अदालतीतले. वाचा बरं, काय लिवलंय माझ्याबद्दल?”

मी माझाच कागद हातात घेतला. दिव्याजवळ नेला, जणू अक्षर लागत नव्हतं. म्हणालो, “वरच्या मजल्यावर ये-जा फार आहे, त्याचा खालच्यांना त्रास होतो, असं आहे.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“एवढ्यावर लोक दात काढाया लागलेत व्हय?” त्यांनी कागद परत घेतला आणि निरखून पाहिला. “वाचता येत न्हाय, पर दिसतं की. काय वळणदार लिवलंय. लई शिकलेल्याचं काम हाय.”

त्यांची नजर शेजारच्या दारावर गेली. मी त्या नजरेच्या आड येऊ शकलो असतो. तोंडातून एक शब्द पुरेसा होता. मी बायकोला पाणी मागितलं.

उस्ताद दारात पोरांच्या पाट्या तपासत होते. नर्सबाईंनी कागद त्यांच्यापुढं टाकला. “घ्या तुमचा. माझ्या येण्या-जाण्याचा तुमाला तरास व्हतो, तर तोंडावर सांगायचं हुतं. म्हाताऱ्या माणसाला शोभतं का हे?”

उस्तादांनी कागद उचलला, वाचला. मग माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही, पोराच्या पाटीकडं पाहतात तेवढंच. “हर्फां अच्छे निकाले हैं,” अक्षरं चांगली काढलीत, एवढंच म्हणून त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

नर्सबाईंनी तुळजापूरच्या दवाखान्यात बदली मागून घेतली आणि त्या गेल्या. गावातल्या ज्या घरांत त्यांनी बाळंतपणं केली होती, त्या घरांनी उस्तादांकडं पोरं पाठवणं बंद केलं. ओट्यावर हसले होते ते याच घरांतले पुरुष. पण बदनामी करणारा नीच आणि ती ऐकून हसणारा शरीफ, असा गावाचा न्याय असतो.

मी वर राहायला गेलो. तिथं काय होतं म्हणाल तर उन्हाळ्यात तव्यासारखी तापणारी गच्ची, घुशीऐवजी पारवे, आणि चौकातल्या पानवाल्याच्या डोक्याला पडलेलं टक्कल, जे खालून दिसत नव्हतं. सहा महिन्यांत शेठजींनी किराया वाढवला. वर्षभरानं म्हणाले, निजामाचा हाली शिक्का नको, इंग्रजांचे कलदार रुपये द्या. मी दिले. कचेरीत आता कुणी विचारलं नाही तरी मी मजला सांगायचो.

मग एक दिवस बायको कासारणीकडून बांगड्या भरून आली. चेहरा उतरलेला.

“अहो, बालाखाना म्हणजे काय?”

“वरचा मजला.”

“मग कासारीण म्हणाली, बालाखान्यावरच्या बाई आल्या, आन् बाकीच्या पदराआड हसल्या, ते का?”

मी तिला अर्थ सांगितला. ती हातातल्या बांगड्यांकडं बघत राहिली. “नर्सबाईंच्या कागदात हाच शब्द हुता?”

“हो.”

“पर तो तर उस्तादांनी...” ती थांबली. माझ्या दौतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.  “माझ्या लेकीची नाळ त्या बाईनं कापली,” ती म्हणाली, “आन् तुमी तिचं नाक कापलं. कशासाठी? ह्या पारव्यांच्या घाणीसाठी?”

तिनं मला त्याच महिन्यात जुन्या गल्लीत परत नेलं. आमचं अर्धं घर गेलं होतं. आडाशिवायचं, लिंबाशिवायचं, पण जमिनीवरचं एक मिळालं. आठवड्याला एकदा ती विचारायची, “तुळजापूरला कवा जाताय?” मी म्हणायचो, रजा नाही. देवीच्या दर्शनाला दोनदा गेलो, दवाखान्याच्या रस्त्यानं गेलो नाही. अशी तीन वर्षं काढली.

मग निजामाचं राज्य गेलं. कचेऱ्यांतून उर्दू जायला लागलं. माझ्या अक्षराला कुणी विचारेना. उस्तादांची खोली पोरांशिवाय रिकामी पडली होती आणि मुसलमानांसाठी दिवसही असे होते, की ते दार लावून बसायचे. जावई न्यायला आला तेव्हा त्यांनी मला निरोप पाठवला. मी गेलो तर सामान बांधून झालं होतं. त्यांनी खिशातून घडी काढली. तोच कागद.

“ये तुम्हारी कापी. हर्फां मैं सिखाया, मगर ये सबक मैं नै दिया था.”

मी पाय धरले. “उस्ताद, तुम्ही पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. बोलला का नाहीत?”

“सोचा, तुम खुद बोलेंगे. राह देखता रहा.” त्यांनी मला उठवलं. “मेरे से माफी नक्को माँगो. जिसकू झूठ पढ़के सुनाये, उसकू जाके सही पढ़के सुनाओ.”

दुसऱ्या दिवशी मी तुळजापूरच्या मोटारीत बसलो.

नर्सबाई देवळाखालच्या बोळात एका पुजाऱ्याच्या घरी दोन बुटक्या खोल्यांत राहत होत्या. दारात सूप घेऊन ज्वारी पाखडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या. “या की कारकून! पोरगी केवढी झाली?”

मी सांगितलं. चहा ठेवायला निघाल्या तर म्हणालो, आधी एक वाचून दाखवायचं आहे. त्या सूप घेऊन पुन्हा बसल्या. मी घडी उलगडली. त्यांनी लगेच ओळखलं. “त्या म्हाताऱ्याचा कागद अजून जपलाय व्हय?”

“त्यांचा नाही, बाई. तुम्हाला मी तो नीट वाचून दाखवला नव्हता. आज दाखवतो.”

मी दोन्ही ओळी उर्दूत वाचल्या. मग एकेक शब्द मराठीत सांगितला. बालाखान्यापाशी थांबलो आणि त्याचे दोन्ही अर्थ सांगितले, ओट्यावर लोक का हसले तेही. त्यांच्या हातातलं सूप थांबलं होतं. मला मान खाली घालायची सवय होती, पण या वेळी मी ती घातली नाही.

“हे उस्तादांनी लिहिलं नाही. मी लिहिलं. तुमच्या खोल्या मला पाहिजे होत्या म्हणून लिहिलं. अर्थ माहीत होता. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं वाचलं, आणि तुम्ही त्यांच्यावर आळ घेतलात तेव्हा पाणी पीत बसलो. तुमची अब्रू मी घेतली आणि त्यांची रोजी. मला माफ करा, बाई.”